पुलापलीकडची खिडकी

१२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे ठीक. आमच्या ह्यांचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, लेक अभ्यासाच्या नावाखाली दिवसभर झोपते आणि शिलाई मशीनचा पट्टा तुटून पुन्हा नवा बसला. तू आणि भावजी कसे आहात? अक्षर वाकडंतिकडं आलंय ते चालवून घे. का, ते सांगते, पण आधी तू विचारलंस त्याचं उत्तर देते, नाहीतर ते राहूनच जाईल.

आईने कायमचं राहायला शहर कुठलं बरं, माझं की दादाचं, असं तू विचारलंयस. वर बजावलंयस की निःपक्षपातीपणे लिही. आता तूच सांग, मी एका शहरात राहते, दादा पुलाच्या पलीकडे दुसऱ्या शहरात राहतो, आणि दोघांनाही आई आपल्याकडे हवी आहे. यात निःपक्षपाती कोण असणार? नदीच तेवढी. पण तू थोरली. तू म्हणालीस की आईची ही सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे अशी ने-आण आता बंद करू, म्हणून मी प्रामाणिकपणे बसले आहे.

तर दादाचं शहर. रस्ते रुंद, फूटपाथला फरशी, बसायला बाक. दवाखाना त्याच्या दारातच. लिफ्ट आहे, आणि लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. दिवसभर पाणी. माझ्या धंद्याच्या नजरेने बघशील तर तिकडच्या सगळ्या खिडक्या एकाच मापाच्या. इमारतीतली एक मोजली की बाकीच्यांचे पडदे डोळे मिटून शिवावेत.

आणि आमचं शहर. गल्ल्या अशा की दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीने मिटून घ्यावी. पाणी सकाळी येतं आणि आंघोळ आटोपायच्या आत जातं. घरी यायला दगडी पायऱ्या, ज्या आईच्या गुडघ्यांना मानवत नाहीत. पण कुणी दोन दिवस दिसलं नाही तर दुकानदार चौकशीला वर येतो. तिकडे आजारी पडलं की डॉक्टर येतो. इकडे अख्खी गल्ली येते, आणि प्रत्येकाकडे औषध असतं. खिडक्या उंच, अरुंद, एकसुद्धा काटकोनात नाही. प्रत्येक खिडकीला स्वतंत्र मोजावं लागतं. मला हे आवडतं.

म्हणजे तब्येतीला दादाचं शहर, मनाला माझं. झालं तुझं उत्तर. दहा दिवसांपूर्वी लिहिलं असतं तर मी इथेच थांबले असते आणि शेवटी हळूच आमच्या बाजूने दोन वाक्यं जास्त टाकली असती.

पण परवा जे झालं त्यानंतर मला या तुलनेचं हसू येतंय, आणि हसताना रडूही येतंय. फोन करत नाहीये, कारण एक तर फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि दुसरं म्हणजे आई आत बसली आहे. भिंत पातळ आहे. ती आत शेंगा सोलतेय आणि गुणगुणतेय. ताई, ती गुणगुणतेय!

सांगते. बसून वाच.

गेल्या आठवड्यात एका माणसाचा फोन आला. पुलाच्या पलीकडच्या टोकाला बस कामगारांची जुनी बैठी घरं आहेत ना, तिथून. म्हणाला, एका खोलीला पडदे करायचे आहेत, तुमचं काम चांगलं असतं असं कळलं. कुणाकडून कळलं, ते मी विचारलं नाही. गिऱ्हाईक येतं तसं येतं.

परवा सकाळी गेले. दार उघडलं ते साधारण आईच्या वयाच्या, उंच, किंचित वाकलेल्या माणसाने. बसवर ड्रायव्हर होते, आता निवृत्त. पुलावरून दोन शहरांमध्ये जी बस फिरते ना, तीच ते कित्येक वर्षं चालवायचे. मला चेहरा ओळखीचा वाटला, पण ड्रायव्हरचा चेहरा आपण आरशातच पाहिलेला असतो. घर दोन खोल्यांचं, लख्ख पुसलेलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली म्हणाले. ज्या खोलीला पडदे हवे होते तिला नुकताच रंग दिलेला होता, वास येत होता. खिडकी बुटकी, रुंदीला मात्र आमच्याकडच्या खिडक्यांएवढीच. समोर पूल आणि बस वळते ती जागा. खिडकीला तात्पुरती एक चादर लावलेली.

माझी पद्धत तुला माहीत आहे. मी आधी टेप काढत नाही, आधी प्रश्न विचारते. या खोलीत कोण झोपणार? डोकं कुठल्या बाजूला? उठायची वेळ काय? दुसरे पडदेवाले लांबी-रुंदी घेतात आणि जातात, मग वर्षभर त्या माणसाच्या डोळ्यांवर ऊन येत राहतं.

ते म्हणाले, "इथे एक बाई राहायला येणार आहेत. त्यांना पूर्ण अंधार चालत नाही. सकाळचं ऊन पायांवर हवं, डोळ्यांवर नको."

मी म्हटलं, "म्हणजे पाय खिडकीकडे."

"हो. आणि पडदा जमिनीला टेकायला नको. खालून वारा लागतो त्यांना. नाहीतर कोंडल्यासारखं होतं म्हणतात."

ताई, मी काय म्हणाले असेन? मी चांगली हसून म्हणाले, "काका, अगदी माझ्या आईसारखं! म्हाताऱ्या माणसांचं सगळं सारखंच असतं."

ते पण हसले. "म्हातारी म्हणू नका हं, रागावतात."

मी स्टुलावर चढले. टेप लावला, रुंदी घेतली, नेहमीसारखी पेनाने मनगटावर लिहिली. मग उंची घ्यायला ती चादर बाजूला करायला गेले, आणि चादरीचा खालचा कोपरा माझ्या हातात आला.

त्याला गाठ मारलेली होती.

तुला मी काय सांगू! पडद्याच्या कोपऱ्याला गाठ मारून ठेवणारी बाई तू आयुष्यात दुसरी पाहिली आहेस का? गॅस बंद करायचा आहे, तुला फोन करायचा आहे, बाबांचं औषध संपलंय, काहीही लक्षात ठेवायचं असलं की आई खिडकीशी जायची आणि पडद्याला गाठ मारायची. आपण गाठी मोजून तिला चिडवायचो. आणि गाठही तीच, दोनदा फिरवून टोक आत खुपसलेली, बाहेर कानासारखं डोकावणारी. मी पोटासाठी गाठी आणि टाके बघत जगते. माझी चूक होणं शक्य नव्हतं.

माझ्या पायाखालचं स्टूल खरोखरच सरकलं. त्यांनी हात दिला म्हणून पडले नाही. मी खाली उतरून भिंतीला टेकले. 

"काय झालं? चक्कर आली का?"

मी विचारलं, "या बाई कुठे राहतात आत्ता?"

"पलीकडे. म्हणजे तुमच्याच शहरात. मुलीकडे असतात सध्या. धाकट्या." आणि ते थांबले. माझ्याकडे बघितलं, माझ्या टेपकडे बघितलं, आणि मटकन खुर्चीत बसले. "तुमचा नंबर त्यांनीच दिला हो मला. शिवणारी हुशार आहे एवढंच म्हणाल्या. त्यांची मुलगी शिवणकाम करते हे मला ठाऊक होतं, पण... अरे देवा. तुम्हीच का फूटपट्टी?"

ताई, एका परक्या माणसाच्या तोंडून आपलं घरातलं नाव! मी नुसती मान डोलावली. तो माणूस माझ्याइतकाच पांढराफटक पडला होता.  ते उठले आणि पाणी आणलं, आणि देताना अर्धं माझ्या मनगटावर सांडलं.

मी विचारायचं ते विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. आई आपली बॅग घेऊन या टोकाहून त्या टोकाला जायची ना, सहा महिन्यांनी एकदा, असं आपण समजतो. ताई, ती अधेमधेही बसने जायची. पुढच्या सीटवर बसायची, शेवटच्या स्टॉपपर्यंत जायची आणि न उतरता परत यायची. "एकदा मी विचारलं, बाई तुम्हाला जायचंय कुठे? तर म्हणाल्या, कुठेच नाही, मी बसलेय." निवृत्त झाल्यावर ते पुलावर फिरायला यायचे आणि तिथे दोघं भेटायचे. आपल्याला आई सांगायची की फिरायला जाते, पायांना बरं असतं. मी तिला नवे बूट सुद्धा आणून दिले!

मी उठले. उंची मोजली की नाही आठवत नाही. "बघते," असं काहीतरी बोलून निघाले. पूल कसा ओलांडला देव जाणे. वाटेत एकदा वाटलं, नदीवर ओरडावं.

घरी आले. आई ओट्याशी होती. मी हात धुवायला नळाखाली धरले आणि ती पाठमोरीच, अगदी कांदे आणलेस का विचारावं तशी म्हणाली, "मिळालं का माप?"

मी म्हणाले, "मिळालं."

बस. दोन दिवस झाले. दादाला सांगितलेलं नाही, ह्यांना सांगितलेलं नाही. जेवताना ती माझ्याकडे बघते आणि मी ताटाकडे. मला राग आलाय, मला लाज वाटतेय, आणि मला भीती वाटतेय की ती आपल्याला सोडून निघाली. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, मग आता का? काय करू ते लगेच लिही. तू थोरली आहेस, तुला काहीतरी सुचेल.

तुझी,
फूटपट्टी


२१ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं उत्तर अजून आलेलं नाही. रागावली आहेस की माझ्यासारखीच तुझीही वाचा बसली आहे? यावेळी ख्यालीखुशाली विचारत नाही, थेट सांगते.

मी कामात लपायचं ठरवलं. पडदे शिवून टाकू, मग बोलू. त्या माणसाने फोनवर रंग सांगितला, आईने आधीच निवडून ठेवलेला. माझ्याच नमुन्यांतला, माझ्याच दुकानात बसून, मला पत्ता न लागू देता! पिकलेल्या लिंबाचा पिवळा. घाऊक दुकानात त्या रंगाचा शेवटचाच तुकडा उरला होता, तो आणला. मनगटावरचं माप त्या दिवशीच धुऊन गेलं होतं, पण मी म्हटलं, खिडकी डोळ्यांसमोर आहे, इतकी वर्षं काम केलंय. बसले, कापलं, शिवलं. उभा करून बघत होते तेवढ्यात आई दारात आली. तिने पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला.

"हे तिकडचं नाही," ती म्हणाली. "हे इथल्या माझ्या खिडकीचं आहे."

मी टेप लावला. बोटभर इकडे तिकडे नाही. माझ्या हाताने, मला न विचारता, आमच्या घरातल्या आईच्या खोलीची उंच खिडकी कापली होती. इतक्या वर्षांत अशी चूक मी कधी केलेली नाही. मी तिथेच कापडात तोंड खुपसून रडले, ताई. लेक झोपेतून उठून बघायला आली, म्हणजे समज किती मोठ्याने रडले असेन.

आई शेजारी बसली. मी म्हटलं, "सरळ सांगायचं तरी! मला स्टुलावरून पाडायची काय गरज होती?"

"सांगितलं असतं तर तू आधी चिडली असतीस आणि मग खिडकी बघितली असतीस. मला हवं होतं की तू आधी खिडकी बघावीस. कोण राहणार, ऊन कुठून येतं, सगळं विचारून. तू गिऱ्हाइकांना छान विचारतेस."

"म्हणजे मी तुला विचारत नाही?"

ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत बसली. आणि मला तिच्या खोलीतले पडदे आठवले. कशाचे आहेत माहीत आहे? एका हॉटेलच्या ऑर्डरमधून उरलेल्या कापडाचे. तपकिरी. मीच लावले होते, वाया जायला नको म्हणून. दादाकडे बघ, वहिनीने सगळ्या घराला एकसारखे घेतले, त्यातच आईची खोली आली.

मग ती बोलली, आणि आपली आई एकदा बोलायला लागली की काही बाकी ठेवत नाही. "तुझं शहर चांगलं आहे. त्याचंही चांगलं आहे. दोन्हीकडे माझे लाड होतात. तुम्ही दोघं माझ्यासाठी भांडता, ताई तिकडून निकाल देते. मी काय तक्रार करू? पण मला कुठल्यातरी घरात पाहुणी नको व्हायचंय आता. चहा कमी गोड कर असं मला कुणाकडून तरी ऐकायचंय, आणि मला त्याला नाही म्हणायचंय."

"म्हणजे तू तिथे अशीच राहणार?"

"अशीच कशाला? लग्न करणार आहे. पुढच्या महिन्यात सही करायला जायचंय."

ताई, तिने हे सुईत दोरा ओवत सांगितलं. आणि चष्म्याशिवाय, पहिल्या फटक्यात ओवला.

दादाला मी घरी बोलावून सांगितलं. आपला भाऊ किती भाबडा आहे बघ, त्याचा पहिला प्रश्न काय, "म्हणजे इकडे की तिकडे?" मी म्हटलं, तुझ्याच शहरात. क्षणभर त्याला जिंकल्यासारखं वाटलं असावं. मग उजेड पडला आणि त्याने घर डोक्यावर घेतलं. "माझ्या शहरात राहणार आणि माझ्या घरी नाही? माझ्या दारावरून ती बस जाते!" शेवटी म्हणाला, तिकडे गेली तर माझ्याकडे यायचं नाही, आणि ताईसुद्धा माझ्याच बाजूची आहे. आईने ते सगळं ऐकलं. दादाचं बोलणं तिने मनाला लावून घेतलं नाही. त्याचा राग दूध उतू गेल्यासारखा असतो, आपणच पुसायचा, असं ती म्हणते. पण तुझं नाव निघालं तशी ती उठून आत गेली.

त्या माणसाला मी पुन्हा भेटले. आई मला घेऊन गेली. तिथे आई पहिल्यांदा स्वतःच्या खुर्चीत बसल्यासारखी बसली आणि मला म्हणाली, "पाणी हवं असेल तर आत आहे, घे." ते काका, म्हणजे अजून काकाच म्हणते, दुसरं काही तोंडातून निघत नाही, दारात अवघडून उभे होते. मला हळूच म्हणाले, "पडद्यांचं राहू द्या हो. चादर आहे. तुमची आई मात्र तुमच्याशी बोलल्याशिवाय इथे येणार नाही म्हणते." मला त्यांचा राग करायचा होता. ताई, मला जमला नाही. मी त्यांना टेपचं एक टोक धरायला दिलं आणि या वेळी उंची नीट मोजली.

आता त्या पिवळ्या पडद्याचं. तो खूप लांब होता. कापून टाकणं सोपं, पण तो रंग पुन्हा मिळणार नव्हता आणि माझी कात्री चालेना. मी खाली जाडजूड दुमड घातली, सगळं जास्तीचं कापड आत ठेवून. शिवण मशीनची नाही. हाताने कच्चे टाके घातले आहेत, दोरा ओढला की सुटतील आणि पडदा पुन्हा इथल्या खिडकीएवढा लांब होईल. कधी तिला यायचं झालंच तर, किंवा नुसतं चार दिवस राहायला. इथल्या आईच्या खोलीतले ते तपकिरी पडदे मी काढून टाकलेत. तिथे आता मोकळी खिडकी आहे. उजेड खूप येतो.

काल आम्ही तो पिवळा पडदा लावायला गेलो. आईने पडदा हातात घेतला, तळाशी बोटं फिरवली, ती जाड दुमड तिला लागली. मी ओळखलं की तिला कळलं. मग खाली वाकून तिने नव्याकोऱ्या पडद्याच्या कोपऱ्याला गाठ मारली. दोनदा फिरवून, टोक आत.

मी म्हटलं, "आई! इस्त्री केली होती मी! आणि आता कशाची आठवण?"

"ताईच्या पत्राची," ती म्हणाली. "आलं की सोडीन."

मी आज पुन्हा गेले होते. गाठ आहे. ती माझ्याने सुटणारी नाही आणि दादाच्यानेही नाही. तू काय लिहायचं ते तुझं तू ठरव, मी भीड घालणार नाही. फक्त एवढं कर, या वेळी पत्र मला लिहू नकोस. पत्ता कागदाच्या मागे लिहिला आहे. घर शोधायला सोपं आहे, पुलाच्या पलीकडे उतरलं की पिवळी खिडकी दिसते.

आईच्या दोन्ही खिडक्यांची मापं आता तोंडपाठ असलेली,
तुझी फूटपट्टी